मामा, न्यूट्रल आणि एक तुटकी वायर

दोन महिने इथे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला बंदी केली होती. आता नजर स्वच्छ झाली आहे, तेव्हा पहिलं काम म्हणून एक जुनं देणं फेडायला बसलो आहे.

निमित्त असं झालं. माझ्या मामेभावाची मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "काका, एक विचारू? आजोबांनी खरंच घाटात गाडी न्यूट्रल केली होती का?"

आमच्या घरात ही हकीकत एका ओळीत सांगितली जाते. मामांनी पेट्रोल वाचवायला अजिंठ्याच्या घाटात गाडी न्यूट्रल केली, गाडी सुटली, शेठने नोकरीवरून काढलं. संपली गोष्ट. ही एक ओळ पसरवण्यात माझा स्वतःचा वाटा मोठा आहे, तो कसा ते पुढे येईलच. पोरीला फोनवर म्हटलं, "नाही. गाडी गिअरमध्ये होती. पण नीट सांगायला वेळ लागेल, लिहूनच काढतो." म्हणून हे लिखाण. यात गाडीच्या यंत्राबद्दल बरंच येणार आहे. मी इतिहासाचा मास्तर, यंत्राचा नाही, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

साल १९६१, दिवाळीनंतरचे दिवस. मी अकरा वर्षांचा. आमचं घर पहूरला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पहूर दोन आहेत, पहूर पेठ आणि पहूर कसबे, आणि मधून वाघूर वाहते. जळगावहून नेरीमार्गे येणारा रस्ता पहूरवरून वाकोद, फर्दापूर करत अजिंठ्याचा घाट चढतो आणि पुढे सिल्लोडवरून तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला जातो. इथूनच एक फाटा जामनेरला आणि दुसरा शेंदुर्णी-पाचोऱ्याला. पाचोरा-जामनेर छोटी गाडी, आमची लाडकी पी. जे., तीही पहूरवरूनच जायची. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली. सांगायचा मुद्दा असा, की या टापूत कोणाचं काही वाहन बिघडलं की ते ढकलत, ओढत पहूरच्या स्टँडवर येऊन उभं राहायचं.

माझे मामा एका जिनिंगवाल्या शेठकडे ड्रायव्हर होते. शेठचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, त्यांची तिसरी पिढी आज सचोटीने धंदा करते आहे. गाडी अमेरिकन बनावटीची, १९५० च्या आसपासची, म्हणजे तेव्हाच दहा वर्षांची झालेली. गाडी कुठल्या कंपनीची तेही लिहीत नाही, कारण पुढे दिसेल की दोष बनवणाऱ्याचा नव्हता. शेठने ती मुंबईहून जुनी घेतली होती. मामांना तिच्यावर बसून वर्षही झालं नव्हतं. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, आणि डॅशबोर्डखाली एक काळी मूठ. ती मूठ आत दाबलेली असायची. गाडी विकणाऱ्याने शेठला सांगितलं होतं, "ही मूठ आत राहू द्या, पेट्रोल कमी लागतं." शेठने तेच मामांना सांगितलं. त्या मुठीबद्दल एवढंच ज्ञान आमच्या तालुक्यात होतं.

मामांना एक गोष्ट मात्र सवयीने कळली होती. सरळ रस्त्याला गाडी तिसाच्या पुढे गेली (तेव्हा काटा मैलांचा होता) आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय क्षणभर उचलला, की खाली कुठेतरी 'टक्' व्हायचं आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली यायचा. मामा कौतुकाने म्हणायचे, "आता गाडीनं वहाणा काढल्या."

दिवाळीच्या आधी काही आठवडे हा 'टक्' येईनासा झाला. इंजिन सारखं ओरडत राहायचं आणि पेट्रोल जास्त लागायला लागलं. मामांनी मुनीमजींना सांगितलं. मुनीमजींनी वहीत पाहिलं, गॅलन वाढलेले दिसले, आणि त्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला. ड्रायव्हर पेट्रोल विकतो. तोंडावर कोणी बोललं नाही, पण टाकीत काठी घालून मोजणं सुरू झालं.

इथे मामांची एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या मोजणीने ते धास्तावले आणि सपाटीवर, नेरीकडच्या लांब उतारावर, गाडी न्यूट्रल करून सोडायला लागले. हे त्यांनी पुढे स्वतः कबूल केलं. सगळेच ड्रायव्हर तसं करायचे. पण घाटात नाही. घाटात न्यूट्रल करणारा ड्रायव्हर म्हातारा होत नाही, हे त्यांना किन्नर असल्यापासून माहीत होतं.

मग तो दिवस आला. शेठ, त्यांची आई आणि एक पाहुणे औरंगाबादहून परत येत होते. अजिंठा गाव सोडून घाट उतरायला लागले. मामांनी रीतीप्रमाणे दुसरा गिअर टाकला आणि पाय उचलला. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी धरायला हवी. गाडीने धरलंच नाही. ती मोकळी धावायला लागली. मामांनी ब्रेक दाबला, सोडला, दाबला. दोन वळणांनंतर लायनर जळण्याचा वास आला, तिसऱ्या वळणावर ब्रेकचा पाय खाली जायला लागला. मामांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. मडगार्ड चेपलं, काच फुटली, शेठच्या आईच्या मनगटाला लागलं. दरीच्या अंगाला गेली असती तर आज हे लिहायचं कारण पडलं नसतं.

शेठ काही मूर्ख नव्हते. त्यांनी जे पाहिलं-ऐकलं त्यावरून निष्कर्ष काढला. "इंजिन चिडीचूप होतं. गाडी गिअरमध्ये असती तर उतारावर इंजिन ओरडलं असतं. यानं न्यूट्रल केली." आपल्यापैकी ज्यांनी घाटात गाडी चालवली आहे तेही हेच म्हणतील. मामा एकच वाक्य म्हणत राहिले, "शेठ, गाडी गिअरमध्ये होती." मागे पेट्रोलच्या वहीचा संशय होताच. दोन आणि दोन चार झाले. शेठ आईला घेऊन एस.टी.ने गेले. मामांनी ब्रेक थंड होऊ दिले, रात्री उशिरा पहिल्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्याच्या वेगाने गाडी पहूरला आणली आणि आमच्या दारात येऊन बसले. आईने भाकरी वाढली, ती त्यांनी खाल्ली नाही.

सकाळी गाडी सुरू होईना. सेल्फ नुसता कण्हायचा, बॅटरी उतरली होती. स्टँडवरचे चार हमाल, दोन शाळकरी पोरं (त्यात मी) आणि मामा आत, असा धक्का सुरू झाला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, चांगला वेग आला की मामा क्लच सोडायचे. काही नाही. इंजिन फिरेचना. गाडी आपली गिअर नसल्यासारखी पळायची. तीन वेळा केलं. शेठचा एक माणूस गाडीवर लक्ष ठेवायला थांबला होता, तो म्हणाला, "गिअरबॉक्सही फोडली वाटतं."

आता मोजा. पेट्रोल वाढलं, म्हणून चोर. घाटात इंजिन गप्प, म्हणून न्यूट्रल करणारा. ब्रेक जळले, म्हणून बेफाम. धक्क्याने सुरू होत नाही, म्हणून गिअरबॉक्स फोडणारा. चार आरोप, आणि चारही एकाच माणसावर.

स्टँडसमोर सायकलचं दुकान होतं. मालकाला सगळे चाचा म्हणत. पंक्चर काढायचे, पंप दुरुस्त करायचे, पण तरुणपणी मुंबईत गिरगावच्या बाजूला मोटारच्या गॅरेजात काही वर्षं काढली होती. ते दुकानातून हा तमाशा बघत होते. तिसऱ्या धक्क्यानंतर उठून आले. बॉनेट उघडलं नाही, पाना घेतला नाही. मामांना एवढंच विचारलं, "पहिले टक् वाजायचं का? कधीपासून बंद झालं?" मामा थक्क झाले. पंधरा दिवसांत हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस.

मग चाचांनी दुकानासमोर उलटी ठेवलेली एक सायकल दाखवली. पायंडल पुढे फिरवलं, मागचं चाक फिरलं. पायंडल हाताने थांबवलं, चाक फिरतच राहिलं, कट-कट-कट-कट. म्हणाले, "गाडीत बी हेच हाय. इंजिन चाकाले फिरवतं. चाक इंजिनाले फिरवत नाही." आणि मामांना म्हणाले, "ती मूठ ओढ बाहेर." मामा बिचकले, शेठची मनाई होती. चाचांनी स्वतःच हात घालून मूठ ओढली, आम्हाला गाडी जरा मागेपुढे हलवायला लावली, खाली काहीतरी बसल्याचा आवाज आला. "पोरहो, लावा धक्का!"

वाघुरेच्या पुलाकडे थोडा उतार आहे. आम्ही धावत ढकललं, मामांनी क्लच सोडला, आणि गाडीने असा काही हिसका दिला की मी तोंडावर पडलो. इंजिन धडाडून सुरू झालं. माझ्या हनुवटीवरची खूण त्या दिवसाची आहे.

नंतर चाचा गोणपाट टाकून गाडीखाली गेले. मी कंदील धरायला. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक वाटीएवढा डबा होता, त्यातून निघालेली वायर तुटून लोंबत होती. दगड लागला असेल, नाहीतर उंदराने कुरतडली असेल. चाचांनी इंजिन बंद करायला लावलं, पण चावी चालू ठेवायला सांगितली आणि मूठ पुन्हा आत दाबली. मग गाडीकडून येणारं वायरचं तुटकं टोक गाडीच्या लोखंडाला टेकवलं. 'टक्'. आणि लगेच 'धप्'. वायर काढली, पुन्हा टेकवली. पुन्हा टक्, धप्. चाचा हसले. "समदं जिवंत हाय. एक वायर मेली." त्यांनी वायर जोडली, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. पैसे किती घेतले ते आठवत नाही.

तीन दिवसांनी शेठचे एक नातेवाईक दुसरा ड्रायव्हर घेऊन गाडी न्यायला आले. चाचांनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, गाडी जामनेर रस्त्याला फिरवून आणली, टक् वाजलं, गाडी ठणठणीत. आणि घरी जाऊन त्यांनी अहवाल दिला, तोही ठणठणीत. गाडीत काही दोष नाही! दुरुस्त झालेला दोष हा दोष नव्हताच असं ठरलं, आणि मग उरला कोण? ड्रायव्हर. मामांना चिठ्ठी मिळाली नाही. चिठ्ठीशिवाय चांगली नोकरी नाही. पुढची पंचवीस वर्षं त्यांनी केळीच्या ट्रकवर काढली. १९९४ ला गेले.

आता माझा भाग. मी १९७३ ला मास्तर झालो. आठवीला इतिहासासोबत कधी मूल्यशिक्षणाचा तासही घ्यावा लागे. त्यात मी दरवर्षी एक गोष्ट सांगायचो, नाव न घेता. एका ड्रायव्हरने थोड्या पेट्रोलच्या मोहाने घाटात गाडी न्यूट्रल केली आणि आयुष्यभराची भाकरी गमावली. तात्पर्य, लहान मोह मोठा घात करतो. गोष्ट चांगली रंगायची. धक्का मारणारा, कंदील धरणारा पोरगा मीच होतो, पण मला त्यातली गंमत आठवत होती, अर्थ नाही. मोठ्यांनी घरात जो अर्थ लावला तो मी घेतला. एका वर्षी मामांचा धाकटा मुलगा, म्हणजे या फोन करणाऱ्या पोरीचा बाप, माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसला होता. त्याच्यासमोरही मी ती गोष्ट सांगितली. त्याने मान खाली घातली, एवढं मला दिसलं होतं. मी पुढचा धडा काढला.

२०१२ साली मुलाकडे अमेरिकेला, डेट्रॉइटजवळ गेलो होतो. उन्हाळ्यात तिथे बागांमधून जुन्या मोटारींच्या जत्रा भरतात. हौशी म्हातारे आपापल्या गाड्या पुसून, खुर्ची टाकून बसतात. एका गाडीपाशी मी थबकलो. डॅशबोर्डखाली तीच काळी मूठ. मुलाला म्हटलं, विचार त्यांना ही कशाची. म्हातारबुवा खूष झाले, तासभर बोलले. शेवटी मी विचारलं, "मूठ आत असताना ही गाडी ढकलून सुरू होते का?" ते मोठ्याने हसले. नाही होत, म्हणाले, आणि डोंगर उतरताना ती मूठ आधी बाहेर ओढायची असते, गाडीसोबतच्या पुस्तकात तसं लिहिलेलं असतं.

मला तिथे हिरवळीवर बसावं लागलं. मुलाला वाटलं ऊन लागलं.

परत आल्यावर या यंत्राची माहिती जमेल तशी गोळा केली. थोडक्यात सांगतो.

त्या काळच्या गाडीत टॉप गिअर टाकला की इंजिनाचा एक फेरा म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा एक फेरा. ओव्हरड्राइव्ह म्हणजे त्याच्याही वरचा गिअर, एक वेगळी पेटी गिअरबॉक्सच्या मागे जोडलेली. तिच्यात मधोमध एक दातेरी चाक, त्याला सूर्य म्हणतात, भोवती फिरणारी छोटी चाकं ती ग्रह, आणि बाहेरून दातेरी कडं. सूर्याला घट्ट धरून ठेवलं की इंजिनाच्या सात फेऱ्यांत दांडा जवळजवळ दहा फेरे घेतो. गाडी तेवढीच पळते, इंजिन निवांत, पेट्रोल कमी. अमेरिकेत १९३४ च्या क्रायस्लर एअरफ्लो गाड्यांत बोर्ग-वॉर्नरचा असा ओव्हरड्राइव्ह आला आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं तिकडच्या अनेक कंपन्यांनी तो बसवला.

त्याच्या आधीची एक कडी महत्त्वाची आहे. १९३० मध्ये स्टुडबेकरने आपल्या गाड्यांत 'फ्री व्हीलिंग' आणलं. सायकलसारखंच, पाय उचलला की गाडी मोकळी धावणार. पेट्रोल वाचतं, गिअर सहज पडतो, म्हणून दोन-चार वर्षं त्याचं फार वेड होतं. पण उतारावर इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, हे लक्षात आल्यावर ते वेड ओसरलं. मात्र ते गेलं नाही, ओव्हरड्राइव्हच्या पेटीत शिरून बसलं. मूठ आत असली की गाडी आधी या फ्रीव्हीलमधून चालते. वेग ताशी सुमारे तीस मैलांपर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटरपर्यंत गेला की मागचा गव्हर्नर, तोच वाटीएवढा डबा, विजेचं वर्तुळ पुरं करतो. पाय उचलला की एक खिट्टी पडते आणि सूर्य अडकतो. तोच मामांचा 'टक्'. सूर्य अडकला की फ्रीव्हील संपतं, मग इंजिन गाडीला थोडंफार धरू शकतं. वेग फार उतरला की खिट्टी सुटते आणि गाडी पुन्हा मोकळी.

आता गव्हर्नरची वायर तुटली तर काय होईल? खिट्टी कधीच पडणार नाही. गाडी चाळीस मैलांवर असो की पाच मैलांवर, पाय उचलला की मोकळीच. दांडा दुसऱ्या गिअरमध्ये आणि गाडी मात्र न्यूट्रलसारखी! इंजिन गप्प. ब्रेक जळणार. सरळ रस्त्याला वरचा गिअर नाही, म्हणून पेट्रोल जास्त. आणि मूठ आत असल्यामुळे धक्का मारून इंजिन फिरणार नाही. चार आरोपांना चार उत्तरं, सगळी एका मुठीत आणि एका वायरमध्ये.

चाचांची पद्धत मला आता कळते आहे. ओव्हरड्राइव्ह बिघडला म्हणून कोणी गिअरबॉक्स उतरवायला लागला तर तो पैसे घालवतो. आधी चालवणाऱ्याला विचारायचं, काय बदललं, कधीपासून. मग मूठ आणि तिची तार तपासायची. मग उभ्या गाडीत, चावी चालू ठेवून, गव्हर्नरची वायर लोखंडाला टेकवायची. टक् आणि धप् दोन्ही आलं तर रिले आणि खिट्टी ओढणारा सोलेनॉइड दोन्ही ठीक, दोष वायरीत किंवा गव्हर्नरमध्ये. टक् आलं पण धप् नाही, तर रिलेच्या पुढे, सोलेनॉइडकडे बघायचं. काहीच आलं नाही तर फ्यूज आणि रिले. हे सगळं करून झाल्यावर, अगदी शेवटी, गिअरबॉक्स. स्वस्तातून महागाकडे, आणि बाहेरून आत.

इंग्लंडात त्याच सुमारास लेकॉक कंपनीचा, द नॉर्मनव्हील यांच्या रचनेचा ओव्हरड्राइव्ह निघाला. १९४८ च्या सुमारास तो प्रथम स्टँडर्ड व्हॅनगार्ड गाडीला लागला. त्यात सूर्य धरायचं काम तेलाच्या दाबाने होतं, म्हणून तिथे बिघाड झाला तर आधी तेलाची पातळी बघायची असते. पण त्याची वीज गेली तर तो मुकाट्याने साध्या टॉप गिअरवर येतो, आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. म्हणजे शेठची गाडी तशी असती, तर वायर तुटूनही घाटात काही झालं नसतं. एका यंत्राची खोड माणसाच्या चारित्र्यावर लिहिली जाते ती अशी.

मग हे कोणालाच कसं माहीत नव्हतं? त्यालाही इतिहास आहे. मुंबईत १९२८ पासून जनरल मोटर्स परदेशी भाग जुळवून गाड्या काढत होती. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडायला लागल्या. पुढे १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने धोरण ठरवलं, की नुसत्या जुळवणीला परवानगी नाही, भाग इथेच बनवायला हवेत. जनरल मोटर्सने जुळवणी बंद केली. परदेशी गाड्यांचा ओघ आटला, देशी कारखाने वाढले, आणि ते आपल्या दृष्टीने बरंच झालं. पण आधी आलेल्या अमेरिकन गाड्या रस्त्यावरच राहिल्या. त्या हातोहाती विकल्या जात मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला आल्या. प्रत्येक हातबदलीत एक गोष्ट गळत गेली. आधी सोबतचं पुस्तक गेलं, मग सुटे भाग, मग माहितगार मिस्तरी. आमच्याकडे पोचेपर्यंत त्या मुठीबद्दल एकच वाक्य उरलं होतं. आत राहू द्या, पेट्रोल कमी लागतं. अर्ध ज्ञान पोचलं, डोंगराबद्दलचं अर्ध वाटेत सांडलं. आणि पुस्तक असतं तरी ते इंग्रजीत. मामा चौथी पास. मी तरी कुठे वाचू शकलो असतो?

आजच्या गाड्यांत पाचवा-सहावा गिअर हाच ओव्हरड्राइव्ह असतो आणि बिघाड झाला तर कॉम्प्युटर सांकेतिक आकडा दाखवतो. पोरगी म्हणाली, "काका, आता स्कॅनर लावला की कळतं." कळत असेल. पण आकडा कुठल्या भागाकडे बघायचं ते सांगतो. चालवणाऱ्याला दोन शब्द विचारायचे की नाहीत, ते अजून माणसानेच ठरवायचं आहे.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर, मास्तर म्हणून, पुराव्यासकट. घाटात मी नव्हतो. मुनीमजींची वही आज नाही. पण तुटलेली वायर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. मूठ आत असताना धक्का वाया जातो आणि बाहेर ओढली की इंजिन सुरू होतं, हे मी स्वतःच्या हनुवटीने अनुभवलं. पेट्रोल घाटाच्या आधीच वाढलं होतं, म्हणजे वायर आधीच तुटली होती. ज्या एका पुराव्यावर मामांना दोषी धरलं, इंजिन गप्प होतं हा, तो त्या दिवशी दुसऱ्या गिअरमध्येही तसाच मिळाला असता. म्हणजे त्या पुराव्याने काहीच सिद्ध होत नाही. उरलं मामांचं स्वतःचं वाक्य. सपाटीवर न्यूट्रल करत होतो हे ज्याने न विचारता कबूल केलं, त्याने घाटाबद्दल खोटं का बोलावं?

अमेरिकेहून आल्यावर मी मामींना हे सगळं सांगायला गेलो होतो. मामी तेव्हा होत्या. तांदूळ निवडत ऐकत राहिल्या. सूर्य, ग्रह, गव्हर्नर, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "भाऊ, मले त्यातलं काही कळत नाही. ते मरेपर्यंत म्हणत व्हते, गाडी गिअरमधी व्हती. तुम्ही कोणी विचारलं नाही." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामेभावाशी मात्र तेव्हा बोललो नाही. लाज वाटली. बारा-तेरा वर्षं गेली, आणि शेवटी त्याच्या मुलीनेच विचारलं.

काल संध्याकाळी त्याला फोन केला. तिसऱ्या बाकाची आठवण काढली. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "दादा, लिही तू. पण चाचांबद्दलही लिही." लिहिलं आहे बाबा.

बरंच लांबलं, पण एक विनंती आहे. १९७३ ते २००८ या काळात माझ्या वर्गात बसलेले बरेच जण हे वाचतात, कोणी नाशिकला, कोणी सुरतेला, कोणी परदेशात. ज्यांना त्या ड्रायव्हरची गोष्ट आठवत असेल, त्यांनी कृपया दुरुस्ती करून घ्यावी. तो ड्रायव्हर माझा मामा होता. गाडी गिअरमध्ये होती. गोष्ट सांगणारा मास्तर चुकला होता.